वीस मिनिटांचा मंगळ

दिवाळी संपली की आमच्या नागपुरात दोन गोष्टी सुरू होतात, थंडी आणि स्थळं. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, बायोडेटा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. फोटो छान, शिक्षण बरोबर, पगारसुद्धा लिहिलेला. फक्त जन्मवेळ चुकली होती. ताई सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी जन्मली हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी मावसाजींची गिरणीतली सकाळची पाळी बुडाली होती आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते बाहेर बसले होते, ही गोष्ट ते दर वाढदिवसाला सांगतात. बायोडेटावर मात्र लिहिलं होतं ७ वाजून ४५.

मला वाटलं टायपिंगची चूक असेल. मावशीला फोन केला.

"चूक नाही गं, तसंच करून घेतलं," मावशी म्हणाली. "आठ पाचला मंगळ येतो. पावणेआठला नाही येत. चार स्थळं परत गेली नं त्या मंगळापायी. वीस मिनिटांनी कोणाचं काय बिघडून राहिलं?"

मी फोन ठेवला आणि हसले. मग हसू थांबलं, कारण मावशीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंगळामुळे नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे खोटं. ताई पावणेआठला जन्मली, हेही खोटं. पहिल्या खोट्यातून सुटायला दुसरं बोललं, तर त्यात वाईट काय? चोराला घरातल्या दागिन्यांची खरी जागा सांगायची नसते, हे तर लहान मुलालाही कळतं.

गेलं वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याच्या निमित्ताने मी पत्रिकेतल्या मंगळाबद्दल वाचलं, आकाशातल्या मंगळाबद्दलही वाचलं. दोघांचं नाव एक आहे, ओळख मात्र फारशी नाही.

*

आधी त्या वीस मिनिटांत नक्की काय घडलं ते बघू.

पत्रिकेत बारा घरं असतात. जन्माच्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत असेल ती लग्नरास, तिचं घर पहिलं. तिथून पुढे मोजत जायचं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात पडला की मुलीला 'मंगळ आहे'. त्यातही आठव्या घरातला सगळ्यांत कडक समजला जातो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दिवसभरात बाराही राशी एकामागून एक उगवतात, प्रत्येकीला साधारण दोन तास. ताईच्या जन्माच्या सकाळी पावणेआठ आणि आठ पाच यांच्यामध्ये कधीतरी एक रास संपून दुसरी उगवायला लागली. मोजणी जिथून सुरू होते ती जागाच एक घर पुढे सरकली आणि नवव्या घरातला मंगळ आठव्यात आला.

आता गंमत बघा. या वीस मिनिटांत आकाशात मंगळ किती हलला? सूर्याभोवती तो सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे तेवढ्यात त्याने जवळपास २९ हजार किलोमीटर कापले. ऐकायला खूप वाटतं. पण तो इतका लांब आहे, की ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो तसूभरही सरकलेला दिसला नसता. एका दिवसात तो सरासरी अर्धा अंश सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतका. ताईला मंगळ 'लागला' तो मंगळ हलला म्हणून नव्हे, आपली पृथ्वी फिरली म्हणून.

त्याच दिवशी मंगळ बाराही घरांतून फिरून आला. त्यातली पाच घरं वाईट. म्हणजे चोवीस तासांतले जवळपास दहा तास 'मंगळाचे' आणि बारांतली पाच बाळं 'मंगळाची'. हा काही दुर्मीळ शाप नव्हे, जवळजवळ निम्मं गाव त्यात येतं. म्हणूनच पत्रिकेच्या शास्त्रात मंगळाला इतके अपवाद आहेत. अमुक राशीत असेल तर चालतो, गुरूची दृष्टी असेल तर चालतो, दोघांनाही असेल तर चालतो. अपवाद नसते तर लग्नंच झाली नसती. हेच गणित मुलांनाही लागू आहे, त्यांच्यातही बारांतल्या पाचांना मंगळ असतो. पण "मुलाला मंगळ आहे का हो?" हा प्रश्न आमच्या घरात मी फार कमी वेळा ऐकलाय. मुलीच्या वेळी मात्र तो चहाच्याही आधी येतो.

कोणी म्हणेल, अंतर कितीही असो, ग्रहाचा ओढा असतोच. असतो. पण मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. बाळ जन्मताना शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंचं त्या बाळावरचं गुरुत्वाकर्षण मंगळापेक्षा जास्त भरतं. ओढ्यावरूनच नशीब ठरणार असेल, तर डॉक्टरबाईंचं वजन पत्रिकेत आधी लिहायला हवं.

*

शाळेत असताना मी आणि ताई सहलीला गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो. तारांगणाच्या घुमटाखाली दिवे मालवले आणि वर तांबडा मंगळ आला. ताईने माझा हात घट्ट धरला होता, भीतीने नव्हे, आनंदाने. तेव्हा तिला 'तिचा' मंगळ ठाऊक नव्हता.

तो तांबडा का, तर त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे. ज्याला आपण हजारो वर्षं रक्ताचा आणि युद्धाचा ग्रह म्हणत आलो, तो आपल्या जुन्या कूलरच्या पत्र्यासारखा गंजलेला आहे, इतकंच. तिथला दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचं. तिथला ऑलिंपस मॉन्स नावाचा ज्वालामुखी एव्हरेस्टच्या जवळपास अडीचपट उंच आहे. आपल्याकडे आकाश निळं आणि मावळती तांबूस, तिथे दिवसाचं आकाश पिवळसर तांबूस आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड. कधी काळी तिथे पाणी वाहत होतं, कोरड्या नद्यांची पात्रं अजून दिसतात. ते पाणी कुठे गेलं आणि का गेलं, याचा शोध चालू आहे. मंगळाबद्दल काळजीने विचारावा असा खरा प्रश्न हा आहे.

शेजारचे ग्रहही तितकेच तऱ्हेवाईक. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. त्याला स्वतःभोवती एक फेरी घालायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५, म्हणजे स्वतःभोवतीची फेरी पुरी होण्याआधीच वर्ष संपतं. ज्या शनीच्या नावाने लोक घाबरतात तो पाण्यापेक्षाही हलका आहे. तेवढा मोठा हौद मिळाला तर त्यात तो तरंगेल. आणि राहू-केतू हे ग्रहच नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जिथे छेदते ते ते दोन बिंदू. ग्रहणं त्याच बिंदूंपाशी होतात, हे आपल्या जुन्या गणितींना पक्कं माहीत होतं.

ते लोक भोळे नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी दुर्बिणीशिवाय पिढ्यानुपिढ्या आकाश बघितलं. शनीला एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात हे त्यांनी मोजलं. तीस वर्षांना बारा राशींनी भागलं की एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशींची साडेसात. साडेसातीचा आकडा अगदी बरोबर आहे. गुरूची फेरी जवळपास बारा वर्षांची, म्हणून नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मंगळ कधी कधी उलटा जाताना दिसतो, त्याला त्यांनी 'वक्री' म्हटलं, तेही खरं निरीक्षण. वर्धा रोडवर आपली एसटी ट्रकला ओव्हरटेक करते तेव्हा तो ट्रक क्षणभर मागे गेल्यासारखा वाटतो, तसंच हे. पृथ्वी आतल्या वाटेने जास्त वेगाने जाते आणि मंगळाला मागे टाकते. ट्रक ड्रायव्हर आपल्यावर रागावलाय, असं मात्र आपण म्हणत नाही.

मोजणी खरी होती. त्या मोजणीवर नंतर माणसांची भीती टांगली गेली. खऱ्या आकड्यांच्या आधारामुळेच ती भीती इतकी टिकली असावी.

२४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं. योगायोग बघा, तीही सकाळी साडेसात ते आठचीच वेळ. यानाचा वेग कमी करायला मुख्य इंजिन वीसेक मिनिटं आणि वर काही मिनिटं चालवायचं होतं. पृथ्वीवर संदेश यायला बारा मिनिटांहून जास्त लागत होते, त्यामुळे चूक झाली असती तर कळेपर्यंत उशीर झाला असता. सगळ्या वेळा आधीच अचूक काढून यानाला दिलेल्या होत्या. तिथेही वीसच मिनिटांचा प्रश्न होता. पण ती मिनिटं कोणाच्या सोयीने मागेपुढे करता येत नव्हती.

*

"आपण सगळे मूर्ख आणि नारळीकर तेवढे शहाणे?" असं मला घरात विचारलं गेलं, म्हणून त्यांच्याच प्रयोगाबद्दल सांगते. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सहकारी, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिषाचा सराव केलेले. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते त्याने सांगायचं. ५१ जण तयार झाले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी ४० पैकी साधारण २० बरोबर यायला हवी होती. या २७ जणांची सरासरी आली १७.२५. सगळ्यांत चांगली कामगिरी २४.

मला यात ज्योतिषांची टर उडवायची नाही. जे २७ जण पुढे आले त्यांनी निदान परीक्षा तरी दिली. मला दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटतं. हा निकाल छापून आल्यालाही कितीतरी वर्षं झाली आणि आमच्या घरात कोणाला काही फरक पडला नाही.

दुसरा पुरावा तर आमच्या डोळ्यांसमोरच आहे. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचे आजोबा त्या दिवशी दीक्षाभूमीवर होते. तिच्या घरात तेव्हापासून पत्रिका नाही. कोणाला मंगळ होता, कोणाला नव्हता, हे तिला सांगताच येत नाही. तिच्या घरीही लग्नं झाली, काही चांगली निघाली, काही नाही. लोक म्हातारे झाले, काही लवकर गेले. अगदी आमच्यासारखंच. एकाच शहरात, एकाच आकाशाखाली, शेजारच्या दोन घरांपैकी एका घराच्या वरून मंगळ मुकाट निघून जातो आणि दुसऱ्या घरात येऊन बसतो. तो दार बघून येतो, असं तर कोणी म्हणणार नाही ना?

*

तरीही मी मावसाजींवर हसू शकत नाही. त्याचं कारण साडेसाती.

२००२ च्या सुमारास त्यांची गिरणी बंद पडली. ताई तेव्हा सहा वर्षांची. मावसाजींची रास मिथुन, त्यांना २००० पासून साडेसाती होती. कोणीतरी सांगितलं, २००७ ला सुटेल. मावसाजींनी ते वर्ष कॅलेंडरवर असावं तसं मनात लिहून ठेवलं. त्या काळात ते कूलरच्या मोटारी भरायला शिकले. आधी दुसऱ्याच्या दुकानात बसले, मग घरच्या पडवीत स्वतःचं सुरू केलं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडला की माणूस रात्री अकरालाही दार वाजवतो, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही. २००७ पर्यंत घर सावरलं होतं. मावसाजी आजही म्हणतात, "शनी सुटला आणि बरे दिवस आले."

मला दोन्ही गोष्टी दिसतात. गिरणीतून निघालेल्या माणसाला 'हे कधीतरी संपणार आहे' असं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. साडेसातीने त्यांच्या दुःखाला नाव दिलं आणि शेवटाची तारीख दिली. अंधारात बसलेल्या माणसाला लाइट नऊला येईल म्हटलं की नऊपर्यंत बसवतं. त्या आधाराची किंमत मी कमी करणार नाही.

पण गिरणी फक्त मिथुन राशीच्या लोकांसाठी बंद झाली नव्हती. बाराही राशींच्या कामगारांची नोकरी एकदमच गेली. शनी मध्ये आला आणि 'गिरणी का बंद पडली, आमचे पैसे कुठे आहेत' हे प्रश्न पुसट झाले. आणि बरे दिवस आले तेव्हा श्रेयही शनीनेच नेलं. तांब्याच्या तारेने कापलेली बोटं मावसाजींची होती, सात वर्षं बसले ते होते. आपल्या कष्टाचा हिशेब त्यांनी दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

साडेसातीचा आधार मावसाजींनी स्वतःसाठी घेतला आणि त्याची किंमतही स्वतःच मोजली. मंगळाचं तसं नाही. "बघून ठेवायला काय जातं?" असं मुलाकडचे म्हणतात तेव्हा त्यांचं खरंच काही जात नाही. एक स्थळ नाही जमलं तर दुसरं बघतात. जायचं ते मुलीचं जातं. चार वेळा ती तयार होते, चार वेळा पोहे करते, चार वेळा 'तुझ्यामुळे माणूस मरू शकतो' असा निरोप सभ्य भाषेत घेते. एखाद्याच्या मनाच्या समाधानाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं जातं, तेव्हा ती श्रद्धा खाजगी राहत नाही. तिथे विचारायचा हक्क मिळतो.

*

जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याही फोनवर 'ग्रहांची परेड' आली असेल. संक्रांतीनंतर एका रात्री मी आणि ताई त्यांच्या गच्चीवर गेलो. पश्चिमेला झगझगीत शुक्र, त्याच्या शेजारी फिकट शनी, डोक्यावर रोहिणीजवळ गुरू, आणि पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी मंगळ. त्या दिवसांत तो पृथ्वीच्या जवळ होता, साडेनऊ कोटींच्या वर थोडा. चांगलाच तांबडा दिसत होता. टाकीला एक फाटका पतंग अडकला होता.

त्याच आठवड्यात पावणेआठच्या पत्रिकेवर एक स्थळ जमत आलं होतं. मुलगा ताईला आवडला होता. मी तिला म्हटलं, "जमतंय ना, मग सोड. खोट्याला खोटं. तुझा काय दोष?"

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोष कोणाला लागतो ते मला माहीत नाही. पण समज, लग्न झालं. दोन वर्षांनी तो आजारी पडला. साधा डेंग्यू. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून माझ्या मनात पहिली गोष्ट काय येईल? ती वीस मिनिटं. मंगळ मानत नाही मी, तरी येईल. कारण मी काहीतरी लपवलेलं असेल. आता नाही मानत मी मंगळाला. खोटं बोलले तर मानायला लागीन."

मावशीच्या प्रश्नाला मला तिथे उत्तर मिळालं. चोराला खोटं सांगताना आपण चोराला काही देत नाही. पण अंधश्रद्धेशी खोटं बोलताना आपण तिची अट कबूल करतो. 'मंगळ असता तर तुम्ही नकार दिलात ते बरोबरच होतं, पण मला तो नाही,' असं त्या बदललेल्या वेळेचं म्हणणं असतं. मग ते खोटं सांभाळायला आयुष्यभर त्या मंगळाचीच राखण करत बसावं लागतं. आणि पुढच्या मुलीला, जिच्या कागदावर आठ पाचच लिहिलंय, आपण एकटं सोडून आलेलो असतो.

दुसऱ्या दिवशी ताईने त्या मुलाला फोन करून खरी वेळ सांगितली. तो म्हणाला, मला काही फरक पडत नाही, फक्त आईला सांगू नकोस. मुलगा वाईट नव्हता. ताई म्हणाली, मग आता आपण दोघं मिळून लपवायचं का? ते स्थळ पुढे गेलं नाही. मावशी आठवडाभर बोलली नाही. मावसाजींनी मात्र जुन्या पेटीतून दवाखान्याचा कागद काढून दिला. "आठ पाच," ते म्हणाले. "घड्याळ मी स्वतः बघितलं होतं."

बायोडेटावर आता तीच वेळ आहे. लग्न अजून जमलेलं नाही, आणि ही गोष्ट गोड शेवटाची आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. खरं बोलल्याचं बक्षीस मिळतंच असं काही नसतं. आकाशात तशी कोणी सोय केलेली नाही, आणि शिक्षा करायलाही तिथे कोणी बसलेलं नाही.

त्या रात्री गच्चीवरून उतरताना मी ताईला एक गोष्ट सांगितली होती. मंगळाचा उजेड आपल्यापर्यंत यायला त्या दिवशी पाच मिनिटांहून थोडं जास्त लागत होतं. तो सूर्याच्या पलीकडे अगदी लांब गेला, की वीसहून जास्त मिनिटं लागतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो मंगळ कधी कधी वीस मिनिटांपूर्वीचा असतो.

ताई जिन्यातच थांबून हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे त्याचीही जन्मवेळ कोणीतरी मागे घेतलेली दिसते."